मंडईजवळचे ‘आर्यन’: पुण्याच्या पहिल्या चित्रपटगृहाची हकिगत

‘आर्यनला गाडी लाव आणि तुळशीबागेत ये,’ असे पुण्यात आजही सर्रास म्हटले जाते. म्हणणाऱ्याच्या मनात महात्मा फुले मंडईजवळचा महापालिकेचा वाहनतळ असतो, ऐकणाऱ्यालाही तोच कळतो आणि काम भागते. आर्यन हे कोणा पुढाऱ्याच्या नातवाचे नाव असावे, अशी नव्या मुलांची समजूत झाली तर त्यांना दोष देता येणार नाही. आपल्याकडे नावे तशीच दिली जातात.

आर्यन हे पुण्यातले पहिले कायमचे चित्रपटगृह. गंगाधर नरहरी ऊर्फ बापूसाहेब पाठक यांनी ते १९१५ साली सुरू केले. १९८३ साली ते बंद झाले, पाडले गेले आणि त्या जागेवर वाहनतळ आला. अडुसष्ट वर्षांच्या या आयुष्यातली पहिली पाच-सहा वर्षे भारतीय चित्रपटाच्या इतिहासात शिरून बसली आहेत. पुढची साठएक वर्षे शहराच्या रोजच्या धबडग्यात मिसळून गेली. त्यामुळे या लेखाची मापेही बेडौल होणार. आरंभाबद्दल भरपूर, मधल्या काळाबद्दल थोडे आणि शेवटाबद्दल पुन्हा सविस्तर. स्मरणिकेच्या संपादकांनी ते चालवून घ्यावे.

थिएटरचा इतिहास सांगायचा म्हटला की आपण लगेच तिथे लागलेल्या चित्रपटांची यादी काढतो. कोणता किती आठवडे चालला, कोणता नट उद्घाटनाला आला, हाऊसफुल्लचा बोर्ड किती दिवस हलला नाही. हे सगळे गोड असते. पण थिएटर उभे राहते, चालते आणि पडते ते जागेमुळे. जागा कोणाची, कराराची मुदत किती आणि जागेच्या मालकाला पुढे काय हवे, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याच्याकडे आहेत त्याला थिएटरचे भविष्य सिनेमाच्या धंद्यातल्या माणसांपेक्षा आधी कळते. आर्यनची कथा म्हणूनच मंडईपासून सुरू करायला हवी.

मंडईची इमारत १८८६ सालची. तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणत. शनिवारवाड्यासमोर भरणारा भाजीबाजार त्या अष्टकोनी, मनोऱ्याच्या इमारतीत हलवला गेला. नगरपालिकेत हा विषय आला तेव्हा जोतीराव फुले सभासद होते आणि त्यांनी या खर्चाला विरोध केला होता. एवढा पैसा शिक्षणाकडे वळवावा, हे त्यांचे म्हणणे. पुढे आचार्य अत्र्यांनी नगरपालिकेत असताना पुढाकार घेऊन त्याच मंडईला फुल्यांचे नाव दिले. विरोध करणाऱ्याचेच नाव इमारतीला मिळाल्याचे असे दुसरे उदाहरण पुण्यात तरी मला आठवत नाही.

मंडई आली आणि शहराचा मध्य तिकडे सरकला. बुधवार, शुक्रवार, रविवार अशा पेठांतली माणसे सकाळी भाजीला आणि संध्याकाळी तुळशीबागेत, बोहरी आळीत खरेदीला याच परिसरात येऊ लागली. थिएटरवाल्याला सगळ्यात महाग पडते ते गर्दी जमवणे. इथे गर्दी आयती होती. पाठकांनी ही जागा का निवडली याचे कारण मला तरी एवढेच दिसते, आणि ते पुरेसे आहे.

त्याआधी सिनेमा होता, पण त्याला घर नव्हते. मुंबईत वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. नंतरची पंधरा-वीस वर्षे सिनेमा गावोगाव फिरत राहिला, मैदानातल्या तंबूंत आणि नाटकांच्या थिएटरांत भाड्याने. तंबूचा खेळ पाऊस लागला की आटोपायचा. नाटकाचे थिएटर कंपनीचा मुक्काम नसेल तेव्हाच मिळायचे, आणि नाटक कंपन्यांच्या पुण्यात तसे दिवस फार नसत. स्वतःची पक्की इमारत म्हणजे बाराही महिने खेळ, ठरलेल्या वेळा आणि ठरलेला प्रेक्षक. सिनेमा हा जत्रेतला चमत्कार न राहता सवय झाला तो अशा इमारतींमुळे.

१९१५ हे साल पुण्याला आठवते ते वेगळ्याच कारणांनी. टिळक मंडालेहून सुटून पुण्यात आले त्याला वर्षही झाले नव्हते. १९ फेब्रुवारीला गोपाळ कृष्ण गोखले गेले. त्याच सुमारास आफ्रिकेतून नुकतेच परतलेले गांधीजी गोखल्यांना भेटायला पुण्यात येऊन गेले होते. युरोपात महायुद्ध पेटलेले होते, कच्ची फिल्म मिळणे अवघड झाले होते आणि दादासाहेब फाळके पैशांच्या विवंचनेत होते. अशा वेळी कोणी पक्के सिनेमागृह काढावे हे धाडसच म्हणायचे. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागून जेमतेम पावणेदोन वर्षे झाली होती. या धंद्याला आपल्याकडे भवितव्य आहे, हे अजून कोणी सिद्ध केलेले नव्हते.

मूकपटाच्या थिएटरात काय काय लागे, याची आज कल्पना येत नाही. पडद्यावर प्रकाश पडे तो दोन कार्बनच्या कांड्यांमधल्या ठिणगीचा. कांड्या जळून आखूड होत, मधली फट वाढे, प्रकाश पिवळा पडे. ऑपरेटरला एका हाताने कांड्या जुळवत दुसऱ्या हाताने यंत्राचा दांडा फिरवावा लागे. फिरवण्याचा वेग त्याच्या मनगटावर. घाई झाली की पडद्यावरचे ऋषिमुनीही पळत सुटत. हजार फुटांचे रीळ पाव तासात संपे आणि एकच यंत्र असेल तर रीळ बदलेपर्यंत दिवे लागत. तेवढ्यात शेंगदाणे, सोडा, गप्पा. पडद्याखाली पेटी-तबला असे. अक्षरांच्या पाट्या आल्या की ज्यांना वाचता येई ते मोठ्याने वाचत आणि शेजारची चार माणसे ऐकत. त्या अर्थाने मूकपटाचे थिएटर कधीच मुके नव्हते.

आणि आग. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, पेटली की पाण्यानेही न विझणारी. यंत्राची खोली प्रेक्षागृहापासून भिंतीने तोडलेली, तिच्या खिडक्यांवर खाली पडणारी लोखंडी झडप. १९१८ साली सरकारने सिनेमाचा कायदा केला तेव्हा त्यात चित्रे तपासण्याइतकेच महत्त्व इमारतीच्या परवान्याला आणि प्रेक्षकांच्या सुरक्षिततेला होते. पाठकांनी आर्यन बांधले ते या कायद्याच्या तीन वर्षे आधी.

१९१७ साली फाळक्यांचा ‘लंकादहन’ आला. मुंबईत गिरगावच्या वेस्ट एंडमध्ये सकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत त्याचे खेळ लागत. पुण्यात आर्यनवर इतकी माणसे लोटली की आत जागा न मिळालेल्यांनी दरवाजा मोडायचाच बाकी ठेवला. राम पडद्यावर आला की प्रेक्षक पायांतल्या वहाणा काढत, ही या चित्रपटाबद्दलची आठवण तर सर्वश्रुत आहे. विशेष असे की राम आणि सीता ही दोन्ही कामे एकाच पुरुषाने, अण्णा साळुंखे यांनी केली होती. फाळक्यांना ते मुंबईत ग्रँट रोडच्या एका हॉटेलात सापडले, तेव्हा तिथे ते स्वयंपाकी होते. दाराशी रेटारेटी करणाऱ्या पुणेकरांना सीतेच्या दंडाचे स्नायू खटकले नाहीत. ज्या शहरात बालगंधर्वांच्या शालूची चर्चा घरोघर होत होती, तिथे ते का खटकावेत?

आर्यनच्या पडद्याने पाहिलेला सर्वांत मोठा दिवस म्हणजे ७ फेब्रुवारी १९२०. त्या दिवशी कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ इथे प्रथम लागला.

बाबूराव पेंटर म्हणजे बाबूराव कृष्णराव मिस्त्री. सुतारकाम, मूर्तिकाम, नाटकांचे पडदे रंगवणे यांत वाढलेला माणूस. चुलतभाऊ आनंदराव आणि ते दोघे मिळून सिनेमा काढायच्या खटपटीत होते. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी नाद सोडला नाही आणि लाकूड-पितळेचा कॅमेरा स्वतःच्या हाताने जुळवून उभा केला. १ डिसेंबर १९१७ रोजी कंपनी स्थापन झाली ती तानीबाई कागलकर या गायिकेने पैसा पुरवला म्हणून. सावकार आणि संस्थानिकांच्या कोल्हापुरात एका गाणाऱ्या बाईने हा विश्वास टाकला, हे चित्रपटाच्या इतिहासात एका ओळीत उरकले जाते. खरे तर त्या ओळीवर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

‘सैरंध्री’साठी बाबूरावांनी निवडलेली कथा कीचकवधाची होती आणि पुण्यात ही कथा साधी नव्हती. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर टिळकांच्या ‘केसरी’तले. त्यांचे ‘कीचकवध’ नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले तेव्हा कीचकात लॉर्ड कर्झन, द्रौपदीत पारतंत्र्यातला देश आणि भीमात जहाल पक्ष पाहायला प्रेक्षकांना कोणी शिकवावे लागले नाही. १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. दहा वर्षांनी तोच कीचक, तोच भीम, पण या वेळी संवादाशिवाय, मंडईजवळच्या पडद्यावर. ज्या शब्दांवर सरकारने बोट ठेवले असते ते शब्दच चित्रपटात नव्हते. प्रेक्षकांना मात्र ते पाठ होते.

भीम कीचकाची मान पिरगाळतो तो प्रसंग इतका खरा वाटला की थिएटरात किंकाळ्या उठल्या. पडद्यामागे खरोखरच कोणी मारला गेला, असे काहींना वाटले. पुढे हा प्रसंग चित्रपटातून कापावा लागला. मुंबईचे सेन्सॉर बोर्ड स्थापन झाले ते याच १९२० सालात, तेव्हा आर्यनच्या पहिल्या प्रेक्षकांनी जे पाहिले ते नंतरच्यांना पाहायला मिळाले नाही.

टिळकांनी हा चित्रपट पाहिला आणि बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. स्वतःच्या वृत्तपत्राचे नाव टिळकांनी आणखी कोणाला असे वाटल्याचे ऐकिवात नाही. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, १ ऑगस्टला ते गेले.

या चित्रपटात स्त्रियांची कामे स्त्रियांनी केली होती, गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांनी. चित्रपटात स्त्री प्रथम दिसली ती इथे नव्हे. फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले या मायलेकी १९१३ सालीच येऊन गेल्या होत्या. तरीही आर्यनपुरते पाहिले तर तीन वर्षांपूर्वी याच पडद्यावर साळुंखे सीता होते आणि आता द्रौपदीच्या वेषात बाई होती.

‘सैरंध्री’ आज अस्तित्वात नाही. ‘लंकादहन’चे काही तुकडे तरी उरले आहेत. ‘सैरंध्री’ची आपल्याला माहिती आहे ती वर्णनांतून. चित्रपटही गेला आणि तो जिथे लागला ते थिएटरही गेले, अशी जोडी दुर्मीळच म्हणायची.

इथून पुढे आर्यनचा इतिहास शहराच्या इतिहासात विरत जातो. १९२३ पासून मुंबई इलाख्यात करमणूक कर आला आणि तिकीटखिडकीत सरकारचा वाटा सुरू झाला. १९३१ साली ‘आलम आरा’ने बोलपट आणला, पुढच्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’ने तो मराठीत आणला. पेटी-तबलेवाल्यांची नोकरी गेली. थिएटरवाल्यांना आवाजाची यंत्रे घ्यावी लागली, भिंतींचा घुमारा मोडावा लागला. मूकपटासाठी बांधलेल्या इमारतींना हे बदल झेपत नसत. नाटकाच्या थिएटरांना उलट ते सोपे गेले, कारण त्यांच्या भिंतींना मुळातच आवाजाची सवय होती.

१९३३ साली प्रभात कंपनी कोल्हापुरातून पुण्यात आली आणि १९३४ साली अप्पा बळवंत चौकाजवळ प्रभात टॉकीज सुरू झाले.  त्यानंतर पुणेकराला ‘मोठा’ सिनेमा पाहायचा म्हणजे कुठे जायचे, हा प्रश्न उरला नाही. आर्यनच्या जवळच मिनर्व्हा होते, पुढे इतरही आली. आर्यन चालत राहिले, पण पहिलेपणाचा मान आता फक्त कागदावर होता. पहिल्या थिएटरांचे बहुधा असेच होते. सगळे शिकतात त्यांच्याकडून आणि जातात दुसरीकडे. मंडईतले हमाल, पेठांतली शाळा बुडवून आलेली पोरे, शनिवार-रविवारी बाजाराला आलेली आसपासच्या गावांतली माणसे, यांचे ते थिएटर झाले. माझ्या मते यात कमीपणा काही नाही. उद्घाटनाच्या खेळाला येतात ते पाहुणे. थिएटर जगते ते मंगळवारी दुपारी पिटात बसणाऱ्यांवर.

१९७३ साली मुंबई दूरदर्शनचे कार्यक्रम सिंहगडावरून पुण्यात दिसू लागले. ऐंशीच्या आरंभी व्हिडिओ आला. जुन्या थिएटरांच्या मृत्यूच्या दाखल्यात सामान्यतः हीच दोन कारणे लिहिली जातात. आर्यनच्या बाबतीत ती पूर्ण खरी नाहीत. आर्यनची जमीन महापालिकेची होती. भाडेपट्ट्याची मुदत संपली आणि १९८३ साली थिएटर बंद झाले. प्रेक्षक कमी झाले असते-नसते तरी हे घडायचेच होते.

महापालिकेच्या बाजूने पाहिले तर तिचा हिशेब समजण्यासारखा आहे. पुणे हे सायकलींचे शहर होते. सायकल भिंतीला टेकवता येते, तिला जागा लागत नाही. आकुर्डीत बजाजचा कारखाना आला आणि पुढच्या दोन दशकांत पुणेकर स्कूटरवर आला. पेठांतले रस्ते पेशव्यांच्या काळच्या रुंदीचे. लक्ष्मी रोड, तुळशीबाग, मंडई या त्रिकोणात गाडी लावायला जागा नाही, ही तक्रार नगरसेवकाच्या कानावर रोज पडत होती. पहिले चित्रपटगृह पाडू नका, अशी तक्रार किती जणांनी केली असेल? मिनर्व्हाच्या जागेचेही पुढे तेच झाले. मंडईच्या दोन बाजूंचे हे दोन वाहनतळ आज दोन थिएटरांच्या नावाने ओळखले जातात.

याच्याशेजारी प्रभात टॉकीजची गोष्ट ठेवून पाहावी. तेही भाड्याचेच होते. मालक इंदूरचे किबे. तो करार संपला २०१४ च्या अखेरीस. प्रभातवाल्यांनी थिएटर सोडले, मूळ मालकांनी ते ताब्यात घेतले आणि ‘किबे लक्ष्मी’ या जुन्या नावाने पुन्हा सिनेमे सुरू केले. करार दोघांचेही संपले. एका जागेच्या मालकाला थिएटर हवे होते, दुसऱ्याला वाहनतळ. चित्रपटांचा, प्रेक्षकांचा, ऐतिहासिक मोलाचा या निकालाशी काही संबंध आला नाही. खासगी मालकांच्या थिएटरांसाठी सरकारने अट घातली, की थिएटर पाडून दुसरे काही बांधायचे तर त्या जागेवर काही प्रमाणात चित्रपटगृह ठेवावेच लागेल. ही अट काढा म्हणून थिएटरमालक वर्षानुवर्षे भांडत आहेत आणि त्यांचीही बाजू आहे, कारण रिकाम्या खुर्च्यांवर कर भरायचा त्यांनाच असतो. आर्यनच्या वेळी पाडणाराच नगरपिता होता, तेव्हा अट घालणार कोण?

पुण्याने चित्रपटाची आठवण राखली नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. प्रभातच्या स्टुडिओच्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय याच शहरात आले. पी. के. नायर यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ची उरलेली रिळे मिळवून जपली ती इथेच. चित्रपट कसे बनतात ते शिकवण्याची आणि बनलेले चित्रपट जपण्याची सोय झाली. ते जिथे पाहिले जात त्या इमारती मात्र कोणत्याच खात्याच्या कक्षेत बसल्या नाहीत. चित्रपट हा ठेवा मानला गेला, थिएटर ही मिळकत. मिळकतीचे कागद नगररचना खात्यात असतात आणि तिथे संग्राहक जात नाहीत.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने एक व्यवहारी मागणी. आर्यनबद्दल कोणाच्या घरी तिकीट, जाहिरातीचा कागद, आतला एखादा फोटो, डोअरकीपर किंवा ऑपरेटर म्हणून काम केलेल्या वडिलांच्या पगाराची चिठ्ठी असेल, तर तिची नक्कल संपादकांकडे द्यावी. आर्यनमध्ये लागलेल्या खेळांच्या जाहिराती जुन्या वृत्तपत्रांच्या फायलींतून काढता येतील, भाडेपट्ट्याचे कागद महापालिकेत मागता येतील. इमारतीच्या आतले मात्र माणसांकडूनच मिळणार, आणि १९८३ साली वीस वर्षांचा असलेला प्रेक्षकही आता साठी ओलांडून गेला आहे.

कोल्हापुरात खरी कॉर्नरला आनंदराव आणि बाबूराव पेंटरांच्या स्मरणार्थ कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. दर १ डिसेंबरला, महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या स्थापनादिनी, चित्रपट व्यवसायातली माणसे तिथे जमून त्याला हार घालतात.